फाइल सिस्टिममधील राइट पाथचे रिफॅक्टरिंग करताना

लिनक्समधील एखाद्या फाइल सिस्टिमचे राइट फंक्शन जुने झाले की त्यात साधे लेखन, डायरेक्ट आयओ (मेमरीतील कॅश टाळून थेट डिस्कवर लेखन), फाइलच्या शेवटी भर घालणे आणि सिंक (डेटा डिस्कवर उतरवणे) या साऱ्यांच्या अटी एकमेकांत गुंतून बसलेल्या दिसतात. असे फंक्शन रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे वर्तन न बदलता रचना सुधारण्यासाठी, हाती आल्यावर नावे सुटसुटीत करण्याचा आणि पुनरावृत्ती काढून टाकण्याचा मोह होतो, पण तो थोडा वेळ आवरावा. आधी त्यातील कामे ज्या क्रमाने होतात तो क्रम कागदावर उतरवून काढावा, कारण येथे ओळी वरखाली झाल्या की वर्तनच बदलते.

हा क्रम ढोबळमानाने असा असतो: इनोडचे (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे) लॉक घेणे, लेखनाची सुरुवात व मर्यादा तपासणे, सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलमालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) काढणे, फाइलची वेळ बदलणे, डेटा पेज कॅशमध्ये (फाइलच्या पेजच्या मेमरीतील प्रतीत) उतरवणे, लॉक सोडणे आणि ओ-सिंक मागितलेले असल्यास डेटा डिस्कवर जाईपर्यंत थांबणे. मर्यादांची तपासणी निरुपद्रवी वाटते म्हणून ती लॉकबाहेर काढली, तर ओ-अपेंडने (नेहमी शेवटी भर घालण्याच्या पर्यायाने) उघडलेल्या फाइलवर एकाच वेळी लिहिणाऱ्या दोन प्रक्रियांना फाइलचा एकच शेवट दिसू शकतो आणि एकीचे लेखन दुसरीवर चढते. सिंकचे नेमके उलट आहे. अनेक फाइल सिस्टिमचे एफसिंक (सिंक करणारे फंक्शन) तेच लॉक स्वतः घेते, त्यामुळे नीटनेटकेपणाच्या नादात सिंक लॉकच्या आत ओढले की प्रक्रिया स्वतःचीच वाट पाहत अडकून पडते.

क्रम समजल्यावर साध्या लेखनाचा आणि डायरेक्ट आयओचा भाग स्वतंत्र फंक्शनमध्ये न्यावा. ज्या पॅचमध्ये (कोडमधील बदलांच्या संचात) कोड हलवला जातो त्यात दुसरे काहीही बदलू नये. आढळलेली चूक, ती कितीही क्षुल्लक असली तरी, वेगळ्या पॅचमध्ये दुरुस्त करावी. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालेच पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करताना, म्हणजे पॅचची यादी निम्मी-निम्मी करत, दोष शोधणाऱ्याचा, म्हणजे बहुधा आपलाच, दिवस वाया जातो.

सर्वाधिक काळजी परतीच्या मूल्याची घ्यावी लागते. समजा, फाइलच्या 3000 व्या ऑफसेटपासून (सुरुवातीपासून इतक्या बाइटनंतर) 10000 बाइट लिहायचे आहेत आणि पेज 4096 बाइटचे आहे. पेजच्या सीमांवर लेखनाचे तुकडे अनुक्रमे 1096, 4096, 4096 आणि 712 बाइटचे पडतात. तिसऱ्या तुकड्याला डिस्कवर ब्लॉक (जागेचा ठरावीक तुकडा) मिळाला नाही, तर फंक्शनने जागा संपल्याची एरर न देता 5192 हा आकडा परत द्यायला हवा. एक बाइटही लिहिला गेला नसेल तरच एरर द्यावी. जुन्या कोडमध्ये हे बहुतेक वेळा ‘लिहिलेले शून्य नसेल तर तेच, नाहीतर एरर’ अशा एका ओळीत दडलेले असते आणि फंक्शन दोन भागांत तोडताना नेमकी तीच ओळ गळते. मग मोजणी एका फंक्शनमध्ये राहते, एरर दुसऱ्यात, आणि वरच्या प्रोग्रामला लिहिला गेलेला डेटा लिहिलाच नाही असे कळते.

युजर बफरमधून (प्रोग्रामने दिलेल्या मेमरीतून) होणारी कॉपीही अशीच नाजूक असते. तो बफर म्हणजे त्याच फाइलचे एममॅप केलेले (प्रोग्रामच्या मेमरीत जोडलेले) तेच पेज असू शकते आणि लॉक लावल्यावर ते आणायला गेल्यास प्रक्रिया अडकते. म्हणून बफर मेमरीत आणण्याचे काम पेजला लॉक नसतानाच करतात आणि प्रत्यक्ष कॉपी पेज फॉल्ट (मेमरीत नसलेले पेज आणण्याची यंत्रणा) बंद ठेवून करतात. वाचताना हे पाऊल अनावश्यक भासते, पण ते काढू नये. कॉपी अर्धवट झाली, तर नव्याने मिळालेल्या ब्लॉकचा उरलेला भाग शून्यांनी भरला जातो ना, हेही पाहावे. अन्यथा डिस्कवरील जुना, कदाचित दुसऱ्याच कोणाचा, मजकूर या फाइलमधून वाचता येईल.

डायरेक्ट आयओ मध्येच थांबून उरलेले लेखन पेज कॅशमार्गे होत असेल, तर ते पेज डिस्कवर उतरवून कॅशमधून काढण्याचे काम डायरेक्ट आयओच्याच फंक्शनकडे ठेवावे. आयओमॅपकडे, म्हणजे फाइल आयओसाठीच्या कर्नलमधील सामायिक कोडकडे, वळण्याचा विचार असल्यास तो या विभागणीनंतर करावा. गुंतलेल्या कोडवर थेट आयओमॅप आणले की जुना दोष कोणता आणि नवा कोणता, हे सांगता येत नाही.

चाचणीसाठी एक्सएफएसटेस्ट्स या फाइल सिस्टिमच्या चाचणीसंचातील जेनेरिक (कोणत्याही एका फाइल सिस्टिमपुरता नसलेला) गट प्रत्येक पॅचनंतर चालवावा आणि रिफॅक्टरिंगपूर्वीचा निकाल जपून ठेवावा, कारण काही चाचण्या आधीपासूनच नापास होत असतात. 4096 बाइटच्या ब्लॉकवर सारे सुरळीत चालले, तरी फाइल सिस्टिम परवानगी देत असल्यास 1024 बाइटचे ब्लॉक ठेवून तोच गट पुन्हा चालवावा. एका पेजमध्ये चार ब्लॉक आले की शून्ये भरण्यातील चुका तेथे लगेच उघड्या पडतात. त्यानंतर मुद्दाम लहान ठेवलेले पार्टिशन भरेपर्यंत लिहून, परत आलेल्या आकड्यांची बेरीज फाइलच्या आकाराशी ताडून पाहावी.