नाताळात शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करताय? मग या चुका टाळा

डिसेंबर आला की आपल्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, धावपळ सुरू होते. कॅरलची, म्हणजे दारोदारी नाताळची गाणी गायची, घरं ठरवा, स्टार लावा, केकची ऑर्डर द्या, करंज्या-चकल्यांची ताटं भरा, संडे स्कूलच्या पोरांचं नाटक बसवा, आणि या सगळ्यात शेजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे काय तर प्रोग्रामच्या शेवटी पास्टरसाहेब माईकवर करतात तेवढीच. पुण्यात बघा, अहिल्यानगरला बघा, सोलापूरला बघा, आपण मराठी ख्रिस्ती लोक शेजारी फराळ पोचवायला चुकत नाही, पण "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" एवढं विचारायला अवघडतो, नाहीतर मग न विचारताच सुरू होतो. दोन्हीकडे नुकसानच आहे, आणि थोडं लक्ष दिलं तर दोन्ही टाळता येतं.

न विचारता प्रार्थना सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून यावरच जास्त लिहितोय. कॅरल पार्टी दारात येते, दोन गाणी होतात, ढोलकी थांबते आणि कोणीतरी एकदम "चला, आपण प्रार्थना करूया" म्हणून डोळे मिटतो. घरातले काका-काकू बिचारे हात जोडून उभे राहतात कारण दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. ते हात जोडणं म्हणजे होकार नव्हे, तो त्यांचा चांगुलपणा आहे, आणि त्याचा फायदा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. बायबलमधलं मार्क १०:५१ काढून वाचा, आंधळा बार्तीमय समोर उभा आहे, त्याला काय हवंय हे कोणालाही दिसतंय, तरी प्रभू येशू त्याला आधी विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू. प्रभूने विचारलं तर आपण का विचारू नये?

विचारायचं पण साधं. "काकू, आम्ही नाताळात आपल्या गल्लीतल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतोय, तुमच्या घरासाठी काही खास करू का?" बस. समोरून काही आलं, पोराची नोकरी, सुनेचं बाळंतपण, काकांची शुगर, तर पुढचा प्रश्न, "इथेच आत्ता करू का घरी जाऊन करू?" हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अनेकांना प्रार्थना हवी असते पण जिन्यात सगळ्यांसमोर नको असते. आणि "नको" म्हणाले तर हसून "बरं काकू, हॅपी ख्रिसमस" म्हणायचं आणि करंज्या तेवढ्याच प्रेमाने द्यायच्या.

डोक्यावर, खांद्यावर हात ठेवायची आपल्याला सवय असते, तीही विचारूनच. आईवडील घरात नसताना लहान मुलांबरोबर प्रार्थना करत बसू नका, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी.

अजून एक, ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथे वाजतगाजत जायचं नाही आणि गोडाचं ताट पण न्यायचं नाही. वर्षभर सण न करणारी घरं आपल्या आजूबाजूला असतात, आधी माहिती काढा. तिथे दोघांनीच जावं, बसावं, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द ऐकावेत. त्यांनी म्हटलं तर प्रार्थना.

लांबलचक आणि चर्चच्या भाषेतली प्रार्थना

"कृपासनासमोर येतो", "रक्ताने धुवून काढ", "अभिषेक ओत" हे आपल्याला घरचं वाटतं, शेजाऱ्याला त्यातलं अर्धं कळत नाही आणि उरलेल्याची भीती वाटते. त्यात कोणी "अंधारात असलेल्या या कुटुंबाला" म्हणालं की संपलंच, ज्यांच्या दारात उभे आहात त्यांचाच अपमान झाला. प्रार्थनेत व्यर्थ बडबड नको हे मत्तय ६:७ मधे प्रभूनेच सांगितलंय. एवढं पुरतं: "हे पित्या, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांच्या हाताला यश दे, काकूंची भीती जाऊ दे, या घराला शांती दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन." येशूचं नाव लपवायचं पण काही कारण नाही, आपण कोणाकडे मागतोय हे शेजाऱ्याला माहीत असतं.

गाण्यांचं पण तेच. इंग्रजी कॅरल एखादं असू दे, पण आपले मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मधे बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि भजनाच्या चालीत एवढी गीतं लिहून ठेवलीत ती कधी गाणार? टाळ-मृदंगावर वाढलेल्या माणसाला ती लगेच जवळची वाटतात, आणि गाणं जवळचं वाटलं की मागाहून प्रार्थनेचं विचारणं सुद्धा सोपं जातं.

वस्तू आणि प्रार्थना एकत्र बांधणं

ब्लँकेट वाटप आहे, आधी सगळ्यांना बसवून प्रार्थना मग वाटप, असं कृपया करू नका. थंडीने कुडकुडणारा माणूस ब्लँकेटसाठी आमेन म्हणेल, त्याला काय अर्थ आहे? वाटप करा, मोकळं करा, ज्याला थांबायचंय तो थांबेल. फराळाच्या ताटाखाली धर्मप्रचाराची पत्रिका सरकवणं पण नको. "प्रार्थना केली की बरे व्हालच" असं आश्वासन तर अजिबात नको, बरं करणं देवाच्या हातात आहे. घटनेच्या कलम २५ ने धर्माचं जे स्वातंत्र्य आपल्याला दिलंय तेच शेजाऱ्याला पण दिलंय.

कोणी मोबाईल काढून "धर्मांतर चाललंय का" म्हणालं तर वाद घालू नका, आवाज चढवू नका. गाणं थांबवा, मंडळीचं नाव सांगा, पास्टरसाहेबांचा नंबर द्या आणि निघा. तिथे थांबून भांडलात तर त्रास त्या घरवाल्यांना होतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, काही ठरावीक दिवसांना १२ पर्यंत सूट मिळते पण ती जिल्ह्याची यादी बघूनच, आणि सोसायटीत शिरताना सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकणं

"बी विंगमधल्या वहिनींना गाठ आलीये, प्रार्थना करा" असा मेसेज मंडळीच्या ग्रुपवर गेला की तो फिरत फिरत त्यांच्याच सोसायटीच्या ग्रुपवर यायला वेळ लागत नाही. मग त्या बाई परत कधी तुमच्याशी मन मोकळं करतील? नाव टाकू नका, आजार टाकू नका, "एका बहिणीच्या तब्येतीसाठी" पुरे, देवाला बाकीचं माहीत आहे. प्रार्थनेत डोळे मिटून बसलेल्या शेजाऱ्यांचे फोटो तर नकोच.

२४ तारखेला आठवण येणं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो, म्हणजे चार रविवार हातात असतात. तेव्हाच वही काढा, आपल्या मजल्यावरच्या किंवा गल्लीतल्या घरांची नावं लिहा आणि घरच्या भक्तीत रोज एकेका घराचं नाव घ्या, मुलांना पण घ्यायला सांगा. हे काम पास्टरवर टाकू नका. आमच्याकडच्या वयस्कर आज्या यात सगळ्यांच्या पुढे आहेत, त्यांना गल्लीत कोणाचं काय चाललंय ते माहीत असतं आणि त्या विसरत नाहीत.

१ जानेवारीनंतर गायब होणं

प्रार्थना केली, "आठवण ठेवू" म्हणालात, आणि मग थेट पुढच्या डिसेंबरला तोंड दाखवलं तर शेजारी काय समजायचं ते समजतो. संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन येतातच, तेव्हा विचारा ना, "काकू, ऑपरेशन कसं झालं?" त्यांच्या घरचा प्रसाद घ्यायचा की नाही यावर आपल्यात मतं वेगळी आहेत, ते घरी आधीच ठरवा, पण दारात तोंड वाकडं करू नका.

आणि ज्यांच्यासाठी मागितलं ते बरे झाले नाहीत तर? तर तिथे जायलाच हवं. बरेच जण इथेच टाळतात, वाटतं काय तोंडाने जायचं. कारणं सांगू नका, "देवाची इच्छा" पटकन म्हणू नका. डबा घेऊन जा, हॉस्पिटलला जायला गाडी लागत असेल तर द्या, आणि निघताना परत एकदा विचारा, आज कशासाठी प्रार्थना करू.