एआयच्या मदतीनं मुखपृष्ठ करताना

कथासंग्रहाचं मुखपृष्ठ करायचं असेल तर पहिली चाळीस मिनिटं संगणक बंद ठेवा. कागदावर 2 × 3 इंचांच्या दहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत वेगळी रचना काढा. पहिल्या तीन-चार चौकटींत खिडकीतली बाई, मावळता सूर्य, एकटं झाड असा नेहमीचा माल निघतो, निघू द्या. कामाचं काही बहुधा सातव्या-आठव्या चौकटीत सापडतं. थेट एआयकडे गेलात तर त्या पहिल्या तीन चौकटींचाच झगझगीत अवतार हाती येतो.

हे फक्त चित्रांचं नाही. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या संशोधकांनी काही लेखकांना एआयनं सुचवलेल्या कल्पना देऊन छोट्या कथा लिहायला लावल्या. 2024 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा: एकेकटी वाचली तर अशी कथा जास्त चांगली वाटते, पण या कथा एकमेकींसारख्या होतात. पुस्तकांच्या दुकानात चाळीस मुखपृष्ठं शेजारीशेजारी मांडलेली असतात, तिथे हा दोष लगेच डोळ्यांत भरतो.

निवडलेली चौकट मोठी करून स्वच्छ रेषाचित्र काढा आणि स्कॅन करा. एआयला नुसतं वर्णन न देता हे चित्रच द्या. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या एआयमध्ये ‘इमेज-टू-इमेज’ची (चित्रावरून चित्र) डीनॉइझिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं तो आकडा, 0.35 ते 0.5 ठेवा. 0.7च्या पुढे गेलात की मूळ चित्रावर इतका नॉइझ (ठिपक्यांचा गोंधळ) पडतो की तुमची रचना पुसली जाते आणि यंत्र स्वतःची बसवतं. रेषा हलायलाच नको असतील तर रचना धरून ठेवणाऱ्या कंट्रोलनेट या जोडसाधनाचं ‘लाइनआर्ट’ जोडा. रंगसंगती आणि उजेडाचे सात-आठ पर्याय घ्या, मग ते बाजूला ठेवून अंतिम चित्र स्वतः रंगवा.

एआयचं चित्र तसंच वापरण्याचा मोह इथेच होतो. वापरणारच असाल तर आधी तपशील तपासा. नऊवारी मागितली तरी बऱ्याचदा सहावारी येते, काष्टा गायब असतो. नथ उजव्या नाकपुडीत जाते किंवा तिची राजस्थानी बाळी होते. आकाशकंदिलाचा चिनी कंदील होतो, तुळशी वृंदावनाची नुसती कुंडी. आपल्याकडच्या वस्तूंची नीट नावं दिलेली चित्रं यंत्राला शिकवायला वापरलेल्या साठ्यात कमी असतात, म्हणून यंत्र जवळचं काहीतरी उचलतं. वर्णन वाढवून हे क्वचितच सुटतं; संदर्भछायाचित्र देणं किंवा तेवढा भाग हातानं काढणं जास्त लवकर होतं.

शीर्षक मात्र एआयला लिहायला देऊ नका. चित्र काढणारं यंत्र अक्षरांचे आकार काढतं, लिहीत नाही. नवी साधनं पूर्वीपेक्षा सुधारली आहेत, तरी जोडाक्षरं, रफार आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र यांत अजून घोळ होतो. एखादी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली तर प्रकाशकाच्याही नजरेतून सुटते, वाचकाच्या सुटत नाही. अक्षरं हातानं काढा किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा फॉन्ट घ्या, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी नाहीत. छापखान्याला फाइल देताना शीर्षक कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे फॉन्टवर न अवलंबणारे आकार करा, नाहीतर तिथल्या संगणकावर वेलांट्या उड्या मारतात.

मापाचं गणित सरळ आहे. डेमी हा पुस्तकाचा आकार म्हणजे 5.5 × 8.5 इंच, चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड (छाटणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) धरून साधारण 5.75 × 8.75. 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 1725 × 2625 पिक्सेल लागतात. एआयचं चित्र 1024 × 1536 असेल तर प्रत्यक्षात 175 डीपीआयच्या आसपासच पडतं. अपस्केल (यंत्राकडून मोठं) केल्यावर उणीव भरून काढायला यंत्र नसलेला तपशील रचतं: बोटांना जादा पेरं, दागिन्याला जादा मणी. शंभर टक्के झूमवर सगळं चित्र एकदा फिरून बघा. एआयचे लाडके चमकते निळे-जांभळे रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट होतात, तेव्हा मंजुरीला छापील प्रूफच द्या, फोनवरचं चित्र नको.

हयात चित्रकाराचं नाव घालून ‘त्याच्या शैलीत’ मागू नका. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव 2022 मध्ये इतक्या लोकांनी वापरलं की नावानं शोधल्यावर त्याच्या स्वतःच्या कामात नकला मिसळू लागल्या.

हक्कांचा प्रश्न काम घेतानाच सोडवा. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणकनिर्मित कृतीची कर्ती म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं कलम 2(डी)(6) आहे. पण ते चित्रं काढणाऱ्या एआयच्या खूप आधी, 1994च्या दुरुस्तीत आलं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी 2023 मध्ये एका चित्रकथेतला मजकूर आणि मांडणी संरक्षित मानली, मिडजर्नी या एआयनं काढलेली चित्रं नाही. त्यामुळे दहाही चौकटी, रेषाचित्र आणि लेयर असलेली फाइल तारखेसह जपून ठेवा, आणि एआय कुठे वापरलं ते प्रकाशकाला करारातच लिहून द्या.