निकडीचं उड्डाण: खाजगी वैमानिकांनी या चुका टाळा

"काकांना बेळगावच्या इस्पितळात हलवायचंय, तुझ्याकडे विमान आहे ना?" असा फोन आला की पुढच्या बहुतेक चुका विमानात बसण्याआधीच होतात. रुग्णाची निकड खरी असते, पण तिने ढग वर सरकत नाहीत आणि इंजिनाची ताकदही वाढत नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा: मागच्या सीटवर तांदळाची पोती असती तर आत्ता उडालो असतो का? उत्तर नाही असेल, तर काकांसाठीही नाही.

फक्त हवेतला वेळ मोजणं

गोव्याहून बेळगाव सरळ रेषेत सुमारे 50 नॉटिकल मैल, म्हणजे सेसना 172 या चार आसनी छोट्या विमानाला जेमतेम अर्धा तास. ही अर्धीच गोष्ट झाली. फ्लाइट प्लॅन आधी भरायचा, एअर डिफेन्स क्लिअरन्सचा (हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा) नंबर घ्यायचा, गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून असेल तर नौदलाच्या एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी, मग टाक्यांतून थोडं इंधन काढून तपासणी, धावपट्टीपर्यंतची टॅक्सी, आणि सांब्र्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरल्यावर पुन्हा रुग्णवाहिका. चोर्ला घाटाने गाडी साधारण तीन तासांत पोचते, आणि 108 मध्ये प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन व स्ट्रेचर असतं. 172 मध्ये रुग्णाला आडवंही करता येत नाही. दोन्ही वेळा दारापासून दारापर्यंत कागदावर मांडा. फरक तासाभराहून कमी निघाला तर विषय तिथेच संपवा. आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) स्थिर करून मग हलवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. ते वैमानिकाने ठरवायचं नाही.

दाबोळीचं आभाळ पाहून घाटाचा अंदाज बांधणं

सर्वांत घातक चूक हीच. व्हीएफआरसाठी, म्हणजे बाहेर नजरेने पाहून उडण्यासाठी, विमानतळावर ढगांचा तळ किमान 1,500 फूट आणि दृश्यता 5 किलोमीटर लागते. किनाऱ्यावर तळ 2,000 फूट दिसला की मन निवांत होतं. पण बेळगावचा विमानतळच समुद्रसपाटीपासून जवळपास 2,500 फुटांवर आहे आणि वाटेत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला सोसोगड डोंगर 3,800 फुटांहून उंच. किनाऱ्यावर जो ढग, तोच घाटमाथ्यावर दाट धुकं.

मेटारमधल्या (विमानतळाच्या हवामान अहवालातल्या) तापमान आणि दवबिंदूतला फरक 400 ने गुणा, ढगाच्या तळाची ढोबळ उंची फुटांत मिळते. पावसाळ्यात 27 आणि 25 हे आकडे अगदी नेहमीचे; म्हणजे तळ 800 फुटांच्या आसपास. हा प्रश्न इथेच निकालात निघाला.

"आत शिरू, नाही जमलं तर वळू" हा बेत चालत नाही. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांनी दृश्य संदर्भ गेल्यावर सरासरी 178 सेकंदांत विमानावरचा ताबा गमावला.

वजन आणि उष्णता

172 एस मॉडेलचं कमाल वजन 1,157 किलो, रिकामं विमान साधारण 760. टाक्या भरल्या (वापरता येणारं सुमारे 200 लिटर, म्हणजे 144 किलो) की माणसांसाठी उरतात जेमतेम 250 किलो. चार मोठी माणसं त्यात बसत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, इंधन कमी घेऊ. बेळगावला ते चालेल. पुण्याला मात्र एका बाजूचं अंतर सुमारे 190 नॉटिकल मैल, जाऊन-येऊन साडेतीन तास, ताशी 35 लिटर, वर अर्ध्या तासाची राखीव. चार माणसांसह उरलेल्या 135 लिटरांत हे बसत नाही. तिथे अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) मिळेल असं गृहीत धरू नका, फोन करून विचारा.

एप्रिलच्या दुपारी बेळगावला 35 अंश असतील तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) 5,500 फुटांवर जातं. परतीच्या टेकऑफला समुद्रसपाटीपेक्षा जवळपास दीडपट धावपट्टी लागते. हे पुस्तिकेतल्या तक्त्यातून निघण्याआधी काढा.

रुग्णाचं शरीर विसरणं

घाट ओलांडायला साधारण 6,000 फूट लागतात. तिथे अडकलेला वायू सुमारे एक चतुर्थांशाने फुगतो. छातीत हवा साठलेली असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर ही उंची डॉक्टरांना आधी सांगा. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणीतरी उचलून आणला म्हणून विमानात ठेवायचा नसतो.

"इमर्जन्सी आहे" म्हणजे नियम शिथिल, असं समजणं

नियम मोडण्याची मुभा असते ती हवेत विमानालाच धोका आल्यावर. जमिनीवरच्या आजारपणाने ना रात्रीच्या व्हीएफआरची परवानगी मिळते, ना मद्य घेतल्यावरची 12 तासांची अट सुटते. पीपीएलवर (खाजगी वैमानिकाच्या परवान्यावर) पैसे घेऊन उडवताही येत नाही. इंधनखर्चाला "थोडी मदत" म्हणूनही घेऊ नका.

परतीला हिशेबात न धरणं

रुग्ण पोचला की ताण ओसरतो आणि थकवा उघडा पडतो. तोवर सूर्य कललेला असतो. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर घाटाच्या पूर्वेकडच्या उतारावर हवा खाली दाबते आणि शिवाय समोरचा वारा असतो. अशा वेळी माथ्यावर 2,000 फुटांची मोकळीक ठेवा आणि माथा थेट न ओलांडता 45 अंशांच्या कोनात गाठा, म्हणजे वळायला जागा राहते. नाहीतर विमान सांब्र्याला बांधून ठेवा आणि बसने या.