तुमच्या झाडाने आमची भिंत खचली, असं शेजारी म्हणाले तर

लगेच ‘खर्च देतो’ म्हणू नका. मुळांमुळेच नुकसान झालं हे दाखवायचं काम दावा करणाऱ्याचं.

१. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, मोजपट्टी धरून फोटो काढा. काळ्या मातीवर बांधलेल्या भिंतींच्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. एका फोटोवर निकाल लावू नका.

२. त्यांचा ड्रेनेज पाइप, चेंबर, टाकी गळते का, ते आधी बघायला सांगा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

३. तक्रार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल लेखी मागा. तो हातात आल्यावर मात्र कानाडोळा केलात तर अंगाशी येईल.

आणि रागाच्या भरात झाडावर कुऱ्हाड नको. शहरात वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा आहे.