वेढ्यातील सैनिक आणि त्यांची सुटका : असा युद्धपट कसा पाहावा

शत्रूच्या मुलखात मूठभर सैनिक अडकले आहेत, दारूगोळा संपत आला आहे, जखमी सोबत्याला टाकून पुढे जाणे कोणालाच मान्य नाही आणि दूरच्या तळावर वरिष्ठ अधिकारी नकाशावर वाकून मदत पाठवायची की नाही याचा खल करीत आहेत : युद्धपटांतील एक मोठा प्रवाह एवढ्याच सामग्रीवर उभा आहे. असे चित्रपट पाहताना बहुतेक प्रेक्षक ‘हे वाचतील का?’ हा एकच प्रश्न धरून बसतात. चित्रपट सत्य घटनेवर आधारलेला असेल तर त्याचे उत्तर आधीच जगजाहीर असते आणि काल्पनिक असेल तर ते पटकथाकाराच्या मर्जीवर असते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो प्रश्न असा : त्यांना आणायला कोण निघाले, त्यांना कोणी पाठवले आणि त्या जाण्याची किंमत कोणाला मोजावी लागली?

हा प्रश्न किती खोल जातो ते एका खऱ्या घटनेवरून ध्यानात येते. अमेरिकी हवाई दलाचे लेफ्टनंट कर्नल आइसील हॅम्बलटन यांचे विमान २ एप्रिल १९७२ रोजी व्हिएतनाममध्ये क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि पॅराशूटने उतरलेले हॅम्बलटन शत्रूच्या मोठ्या फौजेच्या मधोमध एकटेच सापडले. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नांत ११ जणांचे प्राण गेले. अखेर हवाई मार्गाचा नाद सोडून अमेरिकी नौदलाचे टॉम नॉरिस आणि दक्षिण व्हिएतनामी कमांडो न्गुयेन व्हान किएट हे दोघे कोळ्यांच्या वेशात, लहानशा होडीतून रात्री नदीने वर गेले आणि त्यांना घेऊन आले. शत्रू रेडिओ ऐकत असणार हे ओळखून हॅम्बलटन यांना नदीपर्यंतची वाट सांगितली गेली ती त्यांच्या पाठ असलेल्या गोल्फ मैदानांच्या खुणांनी : अमुक मैदानावरील अमुक टप्प्याची दिशा आणि तेवढेच अंतर. एका माणसासाठी ११ माणसे, हे गणित योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण चित्रपट ते गणित प्रेक्षकासमोर मांडतो की लपवतो, हे प्रत्येकाला तपासता येते, आणि चांगल्या-वाईट युद्धपटातील फरक मला तेथेच दिसतो.

पाहण्यापूर्वी घटनेची माहिती जरूर घ्यावी, परंतु बेताने घ्यावी. स्थळ, वर्ष, भूप्रदेश आणि कोण कोणाशी लढत होते एवढे पुरते. शेवट वाचू नये. वर्ष माहीत असणे विशेष उपयोगी पडते, कारण त्या काळी सुटकेची कोणती साधने हाती होती हे त्यावरून ठरते. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने जखमींना उचलण्याची पहिली घटना एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात घडली आणि त्या यंत्रात वैमानिकाखेरीज एकच माणूस बसू शकत असल्यामुळे चौघांना बाहेर काढण्यासाठी चार फेऱ्या माराव्या लागल्या. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटात ‘हे हेलिकॉप्टर का मागवत नाहीत?’ असे मनात येणे हा प्रेक्षकाचाच घोटाळा असतो. त्या सैनिकांपुढे पाय, होडी, ट्रक आणि अंधार एवढेच पर्याय होते. उलट एकविसाव्या शतकातील कथेत रेडिओ असूनही संपर्क का होत नाही, याचे कारण चित्रपटाने द्यायला हवे, आणि डोंगराळ भागात ते बहुधा खरेच असते : मध्ये कडा आला की संदेश अडतो.

चित्रपट पाहण्याच्या साधनांबाबत थोडक्यात सांगतो. असा चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर पाहू नये, कारण यातील निम्मे प्रसंग रात्री घडतात आणि लहान पडद्यावर ते नुसते काळे डाग दिसतात. टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद ठेवावी. अनेक युद्धपटांत कॅमेऱ्याच्या शटरचा कोन (प्रत्येक चौकटीवर किती वेळ प्रकाश पडतो याचे माप) नेहमीच्या १८० अंशांवरून मुद्दाम ९० किंवा ४५ अंशांवर आणलेला असतो, म्हणजे उडणारी माती आणि धावणारी माणसे तुटक, धारदार दिसतात. टीव्ही ही तुटकता भरून काढू लागला की छायालेखकाची मेहनत वाया जाते. शक्य असेल तेव्हा मूळ भाषेतील ध्वनी आणि सबटायटल निवडावेत, कारण दमलेल्या, कुजबुजणाऱ्या माणसाचा श्वास डबिंगमध्ये हमखास हरवतो.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत माणसे ओळखून ठेवावीत. सारखा गणवेश, शिरस्त्राण आणि चेहऱ्यावरचा चिखल यांमुळे पुढे सगळे एकसारखे दिसू लागतात आणि कोण पडला हेच कळत नाही. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, कामे लक्षात ठेवावीत : रेडिओ कोणाच्या पाठीवर आहे, उपचार करणारा कोण, तुकडीचा प्रमुख कोण आणि त्याच्यानंतर सूत्रे कोणाकडे जातील. रेडिओ सांभाळणारा सैनिक कोसळला की तुकडीचा बाहेरच्या जगाशी असलेला धागा तुटतो. ही गोष्ट चित्रपट शब्दांत सांगणार नाही, ती प्रेक्षकाला आपणहून कळली पाहिजे. याच वेळात मनाशी एक कच्चा नकाशाही आखावा. नदी कोणत्या हाताला आहे, उंचवटा कोणाच्या ताब्यात आहे, मदत कोणत्या बाजूने येणार आहे? दिग्दर्शक जाणता असेल तर हा नकाशा शेवटपर्यंत टिकतो. चकमकीच्या ऐन भरात शत्रू कोणत्या दिशेला आहे हेच समजेनासे झाले, तर तो गोंधळ सैनिकांचा आहे की संकलकाचा, हे ओळखायला हवे.

कानांनाही काम द्यावे. रायफलची गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असते, म्हणून दुरून गोळी झाडली गेली तर आधी जवळून गेलेल्या गोळीचा कडाका ऐकू येतो आणि बंदुकीचा दबका आवाज त्यानंतर पोचतो. या दोन आवाजांमधील अंतरावरून अनुभवी सैनिक नेमबाज किती लांब आहे याचा अदमास घेतात. ज्या चित्रपटाच्या ध्वनियोजनेत एवढे बारकाईने काम केलेले असते, त्याने इतर गोष्टींतही कसूर केलेली नसते असे माझे निरीक्षण आहे.

जखमेचे दृश्य आले की मान वळवावीशी वाटते आणि तसे वाटणे साहजिक आहे. तरीही जमल्यास पाहावे, कारण जीव वाचवण्याचे खरे काम तेथेच चाललेले असते. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने दगावू शकतो. अशा वेळी सोबती जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेटचा पट्टा आवळतो आणि त्यातील दांडी रक्त थांबेपर्यंत पिरगळत राहतो. हा पट्टा हळुवारपणे बांधून भागत नाही. जखमी किंचाळतो, हात झिडकारतो आणि सोबत्याला त्याच्या अंगावर गुडघा रोवून पीळ द्यावा लागतो. नंतर पट्ट्यावर किंवा कपाळावर वेळ लिहिली जाते, कारण रक्तपुरवठा काही तास बंद राहिला तर पायच गमवावा लागू शकतो. ती वेळ दिसली की आपणही मनातले घड्याळ सुरू करावे. २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानातील गंभीर जखमींना ६० मिनिटांच्या आत उपचारांपर्यंत पोचवण्याचा आदेश दिला होता, त्यामागे हेच घड्याळ होते. थंडीच्या प्रदेशातील कथेत आणखी एक खूण पाहावी : कुडकुडणारा सैनिक अचानक कुडकुडायचा थांबला आणि गुंगीत बोलू लागला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये, त्याच्या शरीराची उष्णता धोकादायक पातळीखाली गेली आहे.

सुटकेचा क्षण जवळ आला की संगीत चढते आणि प्रेक्षक सैल होतो. नेमके तेव्हाच अधिक सावध राहावे. जमिनीवरचे सैनिक आपली जागा दाखवण्यासाठी रंगीत धुराचा डबा फोडतात, परंतु जाणकार तुकडी धुराचा रंग रेडिओवर आधी सांगत नाही. वैमानिकाने दिसलेला रंग सांगायचा आणि खालच्यांनी त्याला होकार द्यायचा, अशी रीत आहे, कारण शत्रू ऐकत असला तर तोच रंग फोडून हेलिकॉप्टरला सापळ्यात उतरवू शकतो. उतरणारे हेलिकॉप्टर हे मोठे आणि संथ लक्ष्य असते. २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात अडकलेल्या चार अमेरिकी कमांडोंच्या मदतीला निघालेले चिनूक हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातील १६ जण मृत्युमुखी पडले. चौघांपैकीही एकटे मार्कस लट्रेल वाचले.

लट्रेल यांना आसरा देऊन तालिबानपासून राखले ते मोहम्मद गुलाब या स्थानिक पश्तून गावकऱ्याने, आश्रयाला आलेल्याचे रक्षण करण्याच्या पश्तूनवलीतील, म्हणजे पश्तूनांच्या परंपरागत आचारसंहितेतील, नियमाला जागून. न्गुयेन व्हान किएट यांचे नाव वर आलेच आहे. सोमालियातील मोगादिशूमध्ये ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ च्या लढाईत अडकलेल्या अमेरिकी सैनिकांना बाहेर काढणाऱ्या ताफ्यात मलेशियाची चिलखती वाहने आणि पाकिस्तानचे रणगाडे होते. म्हणून पाहताना हे जरूर विचारावे की या कथेत स्थानिक माणसे आणि मित्रदेशांचे सैनिक कोठे आहेत. त्यांना नाव, चेहरा आणि एखादे वाक्य मिळाले आहे का, की ती केवळ पार्श्वभूमीला धावणारी गर्दी आहे. शत्रूबद्दलही हाच प्रश्न लागू होतो.

काही सुटका फसतात आणि त्यांवरील चित्रपटही तितक्याच आस्थेने पाहावेत. २१ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील तुरुंगावर ५६ अमेरिकी सैनिकांनी महिनोन्‌महिने सराव करून छापा घातला, कामगिरी जवळजवळ निर्दोष पार पडली, पण युद्धकैद्यांना तेथून आधीच हलवलेले होते. सुटका झाली म्हणजे जीव वाचलाच असेही नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर १९ हजार फुटांहून अधिक उंचीवर हिमस्खलनात गाडले गेलेले लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यामुळे हेलिकॉप्टर उडाले की चित्रपट संपवणाऱ्या दिग्दर्शकापेक्षा त्यानंतरची दहा मिनिटे दाखवणारा दिग्दर्शक मला अधिक प्रामाणिक वाटतो.

चित्रपट संपल्यावर श्रेयनामावली सुरू असताना उठू नये. मृतांची नावे आणि खरी छायाचित्रे बहुधा तेथेच येतात. त्यानंतर घटनेचा वृत्तान्त वाचून कोणती पात्रे एकत्र केली, कोणता काळ आखडला आणि कोणाचे श्रेय दुसऱ्याला दिले हे ताडून पाहावे. सोबत लहान मुले असतील तर हा प्रकार त्यांच्यासाठी नाही, हे आधीच ठरवावे. सोबत एखादे निवृत्त सैनिक असतील तर ‘खरेच असे असते का हो?’ असे मध्येच विचारू नये. ते उठून बाहेर गेले तर त्यांच्यामागे जाऊन खोदून विचारू नये. ते बोलू लागले तर मात्र चित्रपट थांबवून ऐकावे. आणि चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याजोगा वाटला, तर त्या वेळी फक्त तळावरच्या प्रसंगांवर लक्ष ठेवावे : कोण गप्प राहिले, कोणी जबाबदारी उचलली, ‘जा’ म्हणणाऱ्याचा चेहरा कसा होता आणि ज्यांना जायचे होते त्यांना कोणी विचारले तरी का.