तुमचा कुत्रा भित्रा की बिनधास्त? घरीच कसं ओळखायचं अन् मग काय करायचं

लॅब्राडोर म्हणजे शांतच, जर्मन शेफर्ड म्हणजे कडकच, हे आधी डोक्यातून काढा. २०२२ मध्ये सायन्स साप्ताहिकात १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो असं निघालं. म्हणजे एकाच घरातल्या दोन लॅबपैकी एक नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत शेपटी हलवत फिरेल अन् दुसरा कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली, अन् दोघंही नॉर्मल.

पहिले नुसतं बघा. मार्च-एप्रिलात कूलर पहिल्यांदा सुरू करता ना, तेव्हा कुत्र्याकडे लक्ष ठेवा, आपल्या नागपुरात याहून भारी टेस्ट नाही. दचकतात बरेच, पण सावरायला किती वेळ लागतो ते खरं. लगेच वास घ्यायला आला तर बिनधास्त गडी, दुसऱ्या दिवशीही त्या खोलीत पाय टाकत नसेल तर सेन्सिटिव्ह. कानाजवळ ताट आपटून चेक करू नका बापा, पोट्टे करतात असे उद्योग.

मग आवाज, अनोळखी माणसं अन् अंगाला हात लावणं हे तिन्ही वेगवेगळं बघा, कारण फटाक्यांना न घाबरणारा कुत्रा नखं कापताना थरथरू शकतो. झोप नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, शेपटी पोटाशी, हे सगळं "मले नको" असं सांगणं आहे. गुरगुरला तर मारू नका, ती वॉर्निंग आहे, तीच दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

बिनधास्त कुत्र्याला काम द्या, नियम पक्के ठेवा, बस. सेन्सिटिव्हवर मात्र ओरडायचंच नाही, पाहुण्यांना सांगा की त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, त्याला वाटलं तर तो येईल.

मारबतीची मिरवणूक (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची) अन् दिवाळीची तयारी महिना-दोन महिने आधी करा. ढोल-फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावा अन् सोबत उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या, खाणं थांबवलं तर आवाज जास्त झाला, कमी करा. त्या दिवशी लवकर फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडक्या लावून टीव्ही चालू ठेवा. जवळ येऊन बसला तर बसू द्या, कुरवाळल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. फारच पॅनिक होत असेल तर डॉक्टरला आधीच विचारा, आपल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

पिल्लू असेल तर वय ३ ते १४ आठवडे हा सोन्याचा काळ, या वयात माणसं, गाड्या, मिक्सर, सगळं हळूहळू दाखवा, फक्त लसी व्हायच्या आत रस्त्यावर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा.

अन् चांगला कुत्रा अचानक चिडका झाला तर कान, दात, सांधे दुखत असतील, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवून या. मे महिन्यात ४५ डिग्रीत चिडचिड करून राहिला असेल तर त्याचा स्वभाव ठरवायला बसू नका, आधी पाऊस पडू द्या.