छोट्या टुर्नामेंटमध्ये नवी चाल कशी तपासावी

पोकरमधली नवी चाल मी कमीत कमी प्रवेश फीच्या ऑनलाइन टुर्नामेंटमध्येच खेळून बघतो, आणि एका वेळी एकच. बाकी खेळ नेहमीसारखा ठेवायचा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

सुरुवात बटणावरून (डीलरच्या जागेवरून) ब्लाइंड चोरण्यापासून करा, म्हणजे रेज करून (बेट वाढवून) बाकीच्यांना पत्ते टाकायला लावायचे आणि पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, उचलायच्या. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची बेट, आणि अँटी ही त्यावरची सक्तीची जादा रक्कम. हिशेब आधी मांडा: स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक, अँटी एक, म्हणजे पॉटमध्ये २.५ बिग ब्लाइंड. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेत आणि तुम्ही २.२ चा रेज केलात, तर उरलेले दोघे साधारण ४७ टक्के वेळा सोडून गेले तरी तोटा नाही. मग एरवी फेकलेली एकाच रंगातली राणी-अठ्ठीही खेळता येते. फक्त बिग ब्लाइंडवाल्याचा स्टॅक (उरलेल्या चिप्स) बघा. त्याच्याकडे दहा-बाराच ब्लाइंड उरले असतील तर तो सरळ ऑल-इन टाकू शकतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावू शकतो. तिथे हा प्रयोग नको.

फ्लॉप, टर्न आणि रिव्हर (टेबलावर सामाईक पत्ते उघडण्याच्या तीन फेऱ्या) अशा तिन्ही वेळी बेट लावत नेलेला मोठा ब्लफ (कमकुवत हातावरची हूल) मात्र इथे तपासू नका. या टेबलांवर बरेच जण एक जोडी हातात असली की शेवटपर्यंत कॉल करतात (समोरच्याच्या बेटइतक्या चिप्स भरतात). उलट, साध्या टॉप पेअरवर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेल्या जोडीवर) रिव्हरला अर्ध्या पॉटची बेट लावून बघा. मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो.

खेळताना प्रयोगाच्या हातांवर खूण करा. दुसऱ्या दिवशी हँड हिस्टरी (खेळलेल्या हातांची नोंद) उघडून फक्त तेच हात वाचा, आणि पॉट कोणाकडे गेला ते बघण्याआधी निर्णय बरोबर होता का ते लिहून काढा.